स्टार्टर मारायची घाई नको

वर्षानुवर्षं बंद पडून असलेली जुनी गाडी पुन्हा कशी सुरू करायची, या चर्चेत एकांनी सुचवलंय की नवी बॅटरी लावा, ताजं पेट्रोल भरा आणि स्टार्टर मारून बघा. पंचवीस-तीस वर्षं एका जागी उभ्या असलेल्या गाडीला हे मुळीच करू नका. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटलेल्या असतात, जोर लावला की रिंग तुटते नाहीतर सिलिंडरवर ओरखडे पडतात.

आधी स्पार्क प्लग काढा. प्रत्येक भोकातून थोडं पातळ ऑइल सोडा आणि दोन-चार दिवस विसरून जा. मग गिअर न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या टोकाला असलेल्या, पट्टा फिरवणाऱ्या चाकाच्या) नटाला पाना लावून हातानेच हळूहळू फिरवा. अडलं तर थांबा, थोडं मागे-पुढे करा, पुन्हा ऑइल. एक अख्खा फेरा सहज फिरला की अर्धी लढाई जिंकलात. इंजिनातलं जुनं ऑइलही स्टार्टरच्या आधीच बदला.

टाकीतलं पेट्रोल एव्हाना वार्निशसारखं चिकट झालेलं असणार. टाकी उतरवून धुवा, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडून जेट, म्हणजे त्यातली पेट्रोलची बारीक भोकं, साफ करा. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचा संसार सापडला तर वायरिंगही तपासा, कुरतडलेली असतेच!

आणि ब्रेकचं कुणीच कसं बोललं नाही? ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं, त्यामुळे व्हील सिलिंडर (चाकापाशी ब्रेक दाबणारे छोटे सिलिंडर) आतून गंजतात. गाडी सुरू होण्याआधी थांबायची सोय बघा.

टायर कितीही चांगले दिसोत, बदलाच. टायरच्या बाजूवर, तो कधी बनला ते सांगणारा डॉट (DOT) क्रमांक असतो; त्याच्या शेवटी चारऐवजी तीनच आकडे असतील तर तो 2000 सालाच्या आधीचा आहे.