डॉक लेव्हलरची नेमप्लेट गायब हाय, पार्ट मागवायचा कसा?

संकेश्वर_स्टोअर:
नमस्कार मंडळी, संकेश्वरजवळ हायवेला लागून आमचं गोदाम हाय, गुळाचे रवे आणि साखरेची पोती चढ-उतार असते. आधीच्या भाडेकरूनं दोन डॉकवर लेव्हलर (धक्का आणि ट्रक यांच्यातली उंची जुळवणारा, वर-खाली होणारा लोखंडी पाटा) बसवून ठेवलेत, कुठल्या कंपनीचे, कधीचे, कागद काहीच नाही. आता एकाचं असं झालंय की बटण दाबलं की पाटा वर जातोय पण पुढची लिप (ट्रकवर टेकणारी पाट्याची पुढची पट्टी) उघडंनाच, तशीच लोंबकळत राहते, मग पोरं साधी लोखंडी प्लेट टाकून हँड पॅलेट ओढालेत. सप्लायर म्हणतोय मॉडेल आणि सिरीयल नंबर पाठवा मगच कोटेशन. नेमप्लेटच्या जागी नुसती रिवेटची भोकं हायत. लिपचा आख्खा सिलेंडरच मागवावा म्हणतोय, फोटोवरून मिळेल काय ओ?

उद्यमबाग_हायड्रॉलिक:
आख्खा सिलेंडर कशाला, थांबा की जरा. पहिलं हे सांगा, लिप बिजागरीवर फिरून उघडते का ड्रॉवरसारखी सरकून बाहेर येते? आणि पाट्याखाली मोटर-टाकीचा पॉवर पॅक हाय का रबरी फुगा? फुग्याचे पण लेव्हलर असतात, बटण त्यालाही असतंय. हे कळल्याशिवाय कुणी दर सांगितला तर समजा तो अंदाजानं सांगालाय.

निपाणी_मेंटेनन्स:
पाट्याखाली डोकं घालायच्या आधी सेफ्टी टेकू लावा आणि मेन स्विच बंद करून कुलूप घाला, टेकूशिवाय कुणालाच आत सोडू नका, तो पाटा काही शे किलोचा असतोय.
नेमप्लेट एकाच जागी असते असं काय नाही. बाजूच्या फ्रेमवर, लिपच्या आतल्या अंगाला, कंट्रोल पॅनेलच्या दाराच्या आत, सगळीकडं बघा. कधी कधी फ्रेमवर नंबर पंच केलेला असतो आणि वर रंगाचे थर बसलेले, वायर ब्रश मारला की दिसतोय. तरीपण नाही मिळाला तर नका घाबरू, लेव्हलर एकाचा असला तरी मोटर, पंप, व्हॉल्व्ह बहुतेक वेळा दुसऱ्याच कंपन्यांचे असतात आणि त्यांची त्यांची प्लेट वेगळी असते. फोटो काढताना शेजारी टेप धरा, नुसत्या काळ्या तेलकट फोटोवरून ब्रह्मदेवाला पण कळणार नाही.

हमाल_नाका:
शेजारचा दुसरा लेव्हलर चालू हाय नव्हं, त्याच्याशी ताडून बघा की. पण दोन्ही सारखेच असणार असं धरून चालू नका.

संकेश्वर_स्टोअर:
बघून आलो. बिजागरीवाली लिप हाय, एकच बटण, खाली पॉवर पॅक. पॅनेलच्या दारात काय नाही, फ्रेमवर रंगाखाली एक नंबर निघाला पण शेवटचे आकडे गंजून गेलेत. मोटरवर ४१५ व्होल्ट थ्री फेज, व्हॉल्व्हच्या कॉइलवर (विजेवर व्हॉल्व्ह हलवणाऱ्या गुंडाळीवर) २४ व्होल्ट डीसी. शेजारच्याची कॉइल मात्र २३० व्होल्ट एसीची हाय!

उद्यमबाग_हायड्रॉलिक:
बघा, शेजारची कॉइल बघून मागवली असती तर गेली असती कामातनं. कॉइलचे व्होल्ट, एसी का डीसी आणि आतल्या भोकाचं माप, तिन्ही लिहून पाठवायचं.
आता तुमच्या लिपचं. एका बटणाच्या लेव्हलरला पाटा पूर्ण वर टेकला की प्रेशर वाढतं, मग सीक्वेन्स व्हॉल्व्ह तेल लिपच्या सिलेंडरकडं सोडतो. टाकीत तेल कमी असलं तर पाटा शेवटपर्यंत जातच नाही, आणि मग लिप कशी उघडणार? पाटा खाली असताना तेलाची पातळी बघा. तेल बरोबर असलं तर टेकू लावून, मेन बंद ठेवून लिपच्या सिलेंडरची पिन काढा आणि दोघा-तिघांनी पहारीनं लिप उचलून बघा, बोटं सांभाळून. गूळ-साखरेचं गोदाम म्हणताय, बिजागरीत चिकट राड बसून ती जाम झालेली असणार असा मला पहिला संशय.
बिजागरी मोकळी असूनही लिप उघडंना आणि रॉडकडनं तेल गळतंय, तर सील किट (सिलेंडरमधल्या तेल अडवणाऱ्या सीलांचा संच) घाला. बोअर म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, रॉडची जाडी, स्ट्रोक म्हणजे रॉड किती बाहेर येतो ते, आणि सिलेंडर बंद असताना पिनपासून पिनपर्यंत अंतर, सगळं व्हर्नियरनं घ्या. रॉडवर रेघा पडल्या असतील तर मात्र नुसतं सील टिकत नाही.
होज (तेलाची नळी) बदलणार असाल तर आटे नीट बघा. पाव इंची बीएसपीचा (ब्रिटिश पाइप मापाचा) आटा बाहेरनं मोजला तर १३ मिमीच्या आसपास भरतोय, म्हणून लोक अर्धा इंची म्हणून मागवतात. आणि ३/८ बीएसपी १६.६ मिमी भरतोय, तो एम १६ (१६ मिमीच्या मेट्रिक आट्या) सारखाच दिसतो, पहिले दोन आटे बसतात, पण मग अडकतोय. पाट्याच्या सिलेंडरच्या तोंडाशी छोटा होज-फुटी व्हॉल्व्ह असतो, तो काढून साधा निपल लावून देणारे फिटर मी बघितलेत. तसलं करू देऊ नका, होज फुटल्यावर पाटा धाडकन खाली येऊ नये म्हणून तो असतोय.

निपाणी_मेंटेनन्स:
अजून एक, डावं-उजवं लिहिताना "गोदामातनं ट्रककडं तोंड करून" असं स्पष्ट लिहा, कंपनीगणिक वेगळं धरतात. बंपर (ट्रकचा धक्का झेलणारा रबरी ठोकळा) पण घेणार असाल तर भोकाच्या मधापासनं दुसऱ्या भोकाच्या मधापर्यंत माप द्या, नुसती लांबी-रुंदी दिली की ड्रिल घेऊन बसावं लागतंय.

संकेश्वर_स्टोअर:
तेल बरोबर होतं. बिजागरी खरंच राडीनं भरलेली, गरम पाणी मारून खरवडून ग्रीस घातल्यावर लिप मोकळी झाली, पण अर्धीच उघडालीय आणि रॉडला तेलाचा ओघळ येतोय. म्हणजे सील किटच. सप्लायरची वाट न बघता सिलेंडर काढून बेळगावला उद्यमबागेत घेऊन येतो, जुन्या सीलवरून माप निघेल ना?

उद्यमबाग_हायड्रॉलिक:
जुन्या सीलवरून नको, ते वापरून पसरलेलं असतंय, सील बसतंय त्या खाचेचं माप घेऊन देतो. येताना दोन्ही पिना पण आणा, पिन घासलेली असली तर रॉड तिरका चालतोय आणि नवं सील पण लगेच कापतंय.