मदत हवी आहे: पिकअपमागच्या कॉम्प्रेसर ट्रेलरला ब्रेक कोणता, आणि त्याचा कंट्रोल केबिनमध्ये कुठे बसवू?

नमस्कार मंडळी. नागपुरात माझं कॉम्प्रेसर भाड्याने देण्याचं काम आहे. दोन चाकांचा डिझेल कॉम्प्रेसर पिकअपच्या हुकला लावायचा आणि साइटवर नेऊन उभा करायचा. पाचगावच्या गिट्टी खदानी, बुटीबोरी, कधी कळमेश्वर. सामानासकट ट्रेलरचं वजन सव्वा टनाच्या आसपास. गाडी सहा वर्षांची, 12 व्होल्टची. ट्रेलरला चालता ब्रेक नाहीच, फक्त उभा करताना ओढायचा हँडब्रेक आहे.

मागच्या आठवड्यात उमरेड रोडवर अचानक बकऱ्या आडव्या आल्या. ड्रायव्हरने ब्रेक दाबला. पुढची गाडी दबली, पण मागच्या मशीनने असा रेटा दिला की पिकअपचं मागचं अंग अर्ध्या रस्त्यावर आडवं झालं. कोणाला लागलं नाही. पण गाडी चालवणारा माझा आतेभाऊ आहे, दोन लेकरांचा बाप. पन्नासच्या पुढे ट्रेलर हेलकावे खातो, असं तो दिवाळीपासून सांगत होता. मी ऐकलं नाही, आणि ते मनातून जात नाही.

वाडीतले फॅब्रिकेटर म्हणतात, ओव्हररन ब्रेक लावून घ्या. गाडी हळू झाली की ट्रेलरचा दांडा पुढे सरकतो आणि त्या दाबानेच ट्रेलरचे ब्रेक लागतात. केबिनमध्ये काही बसवावं लागत नाही. दुसरा पर्याय इलेक्ट्रिक ब्रेकचा. त्यात कंट्रोलर ड्रायव्हरजवळ असतो आणि त्यावरची पट्टी सरकवली की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. अमेरिकेतल्या कामाच्या पिकअपमध्ये तो कंपनीकडूनच डॅशबोर्डमध्ये बसून येतो. मला हा पटतो, कारण हाताशी काहीतरी असलं तर ड्रायव्हरला धीर असतो.

अडचण केबिनची आहे. आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको, 23 मे 2013 ला पारा 47.9 वर गेला होता. खदानीत गाडी दिवसभर उघड्यावर, काचा बंद. डॅशबोर्डला वीतभर तडा गेलाय, स्विचच्या पट्टीच्या क्लिपा तुटल्यात, आणि गिट्टीची भुकटी आत जाऊन हेडलाइटचा स्विच दोनदा दाबल्याशिवाय लागत नाही. सीटचं रेक्झिन पापडासारखं कडक होऊन फाटलं. ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा नियम 2025 पासून आला, त्याचं मला खरंच समाधान आहे, पण तो साडेतीन टनांवरच्या गाड्यांना. आमचा माणूस डोक्याला दुपट्टा बांधूनच चालवतो. अशा केबिनमध्ये ब्रेकसारखी जोखमीची वस्तू कशावर बसवू? अनुभव असलेल्यांनी सांगा.

प्रतिसाद

भाऊ, ब्रेक लावाच, पण हेलकावे ब्रेकने जाणार नाहीत. आधी ट्रेलर धरमकाट्यावर न्या. हुक सोडा, ट्रेलर सपाट ठेवा आणि फक्त पुढचा दांडा काट्यावर टेकवा. एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार तिथे यायला पाहिजे, म्हणजे तुमच्या मशीनला 125 ते 190 किलो. तुमच्या हुकला तेवढा भार झेपतो का, तेही बघा. भार कमी असेल तर ट्रेलर शेपटी हलवणारच. एक्सलच्या मागे काय ठेवता? आणि ट्रेलरच्या टायरची हवा शेवटची कधी बघितली? तोवर आतेभावाला एक सांगून ठेवा: ट्रेलर हलायला लागला की स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही आणि वेग वाढवायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं.

मूळ प्रश्नकर्ता

भाऊ, तुमचे उपकार. आज काट्यावर नेला. दांड्यावर 60 किलो निघाले! ब्रेकर, छिन्न्या आणि होजपाइपचं बंडल आम्ही वर्षानुवर्षं मागच्या पेटीत टाकत आलो. सगळं पुढे घेतलं तर 140 आले. हवाही एका टायरात कमी होती. रिंग रोडवर साठने चालवून बघितलं, ट्रेलर सरळ आला. आतेभाऊ उतरून कितीतरी वेळ नुसता हसत होता. आता ब्रेक आणि केबिनचं सांगा.

दुसरा प्रतिसाद

ओव्हररन वाईट नाही, पण रिव्हर्स घेताना दांडा दाबला जाऊन ब्रेक लागतात. खदानीत चढावर मागे घ्यायचं असेल तर त्याला रिव्हर्सची सोय आहे का, हे फॅब्रिकेटरला आधीच विचारा. तुमच्यासाठी मी इलेक्ट्रिकच घेईन.

कंट्रोलर प्रोपोर्शनल घ्या. गाडी किती जोरात थांबते ते त्यातला सेन्सर ओळखतो आणि ट्रेलरला तेवढाच ब्रेक देतो. म्हणूनच तडकलेल्या प्लास्टिकवर किंवा चिकटपट्टीवर तो कधीच लावू नका. जागा हलली की सेन्सर चुकतो, आणि उन्हात चिकटपट्टी सुटतेच. स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या आतला लोखंडी आडवा पाइप असतो, त्याला जाड पत्र्याची पट्टी बोल्टने आवळा आणि त्यावर कंट्रोलर गाडीच्या सरळ रेषेत बसवा. हात पोचतो, गुडघा लागत नाही, आणि वरचं ऊनही तिथे येत नाही.

दोन चाकांच्या ब्रेकमधले मॅग्नेट मिळून साधारण 6 अँपियर ओढतात. बॅटरीपासून जाड वायर थेट आणा, फ्यूज टाका, जुन्या स्विचच्या वायरीत जोड मारू नका. मागच्या प्लगच्या पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा, भुकटी आणि पाणी दोन्ही बाहेर राहतात. हुक सुटलाच तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लावणारी ब्रेकअवे केबल आणि तिची छोटी बॅटरी विसरू नका.

सेटिंग रिकाम्या कोरड्या रस्त्यावर, चाळीसच्या वेगाने. ट्रेलरची चाकं घासत थांबेपर्यंत जोर वाढवत न्या, मग थोडा कमी करा. सामान नसताना ट्रेलर हलका असतो, तेव्हा परत कमी करावा लागतो.

सीटला रेक्झिन पुन्हा चढवू नका. उन्हाने त्यातला मऊपणा उडून जातो, म्हणून ते तडकतं. जाड कॅनव्हासचं कव्हर शिवून घ्या, घामही शोषतं आणि धुताही येतं. खाली कार्पेट असेल तर काढून रबरी मॅट टाका. गाडी उभी केली की पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावायचा, काच दोन बोटं खाली ठेवायची.

ट्रेलरला ब्रेक बसवल्यावर पासिंगमध्ये काही नोंद लागते का, ते काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.