फ्लेमिश टॅपेस्ट्री भिंतीवर लावताना

रोमन शिकारदेवी डायनाच्या शिकारीचं फ्लेमिश (आजच्या बेल्जियमकडचं) टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर टांगायचं विणलेलं चित्र, पितळी कड्यांनी टांगा असा सल्ला कोणी दिला असेल, तर तो कृपया मानू नका. ही कापडं मागावर आडवी विणली जात. त्यामुळे भिंतीवर ताणा (मागावर ताणलेले धागे) आडवा येतो आणि सगळं वजन बाण्यावर (त्यांत विणलेल्या रंगीत धाग्यांवर) पडतं. बाण्यात रेशीम असेल तर उजेडाने आधी तेच कुजतं. शिवाय दोन रंग ताण्याच्या दिशेने भेटतात तिथे विणीत फट राहते, ती नंतर हाताने शिवलेली असते. कड्यांमुळे ताण मोजक्या जागी एकवटतो, टाके तुटतात आणि डायनाच्या दंडाखाली आडवी फट उघडते.

त्यापेक्षा ५ सेंमी रुंद वेल्क्रोची मऊ बाजू सुती पट्टीवर मशीनने शिवा आणि ती पट्टी वरच्या काठाला मागून, सलग, हाताने टाचा. खरखरीत बाजू लाकडी पट्टीवर स्टेपल करा. पट्टीचं लाकूड सील केलेलं हवं, नाहीतर त्यातलं आम्ल कापडात उतरतं. उजेड ५० लक्सपर्यंतच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक).

टॅपेस्ट्री खरंच जुनं, हाताने विणलेलं आहे का हे पाहायला अस्तर थोडं उसवून मागची बाजू बघा. तिथे पानं हिरवी आणि पुढे निळी दिसत असतील तर चांगली खूण: वनस्पतीचा पिवळा रंग उडून नीळ उरलीय. मागे रंगांचे सलग पट्टे असतील तर बहुधा जॅकार्डची (यंत्रमागावरची) नक्कल. ब्रसेल्सच्या कामावर १५२८ पासून दोन ‘बी’ अक्षरांमध्ये लाल ढाल विणत. पण काठ कापला गेला असेल तर तीही गेली. आणि ड्रायक्लीनिंगला अजिबात देऊ नका.