मदत हवी आहे: आईच्या एका डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके आणि चमक. आजच जावं की गुरुवारची वाट पाहावी?

नमस्कार मंडळी. सोलापुरातलं किंवा डोळ्यांच्या क्षेत्रातलं कुणी हे वाचत असेल तर कृपा करून लवकर उत्तर द्या.

आई ६३ वर्षांची आहे. शाळेत असल्यापासून जाड भिंगाचा चष्मा, उजव्या डोळ्याचा नंबर उणे आठ. शुगर नाही, बीपीची गोळी चालू आहे. काल संध्याकाळी ती ज्वारी निवडत बसली होती. ताटावर माशी फिरतेय असं वाटून तिने दोन-तीनदा हात झटकला. माशी नव्हतीच. नजर जिकडे वळेल तिकडे तो ठिपका सरकत होता. रात्री दिवा बंद केल्यावर उजव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं दिसायला लागलं, डोळे मिटले तरी दिसत होतं. आज सकाळपासून ठिपके वाढलेत आणि मधूनच काळा दोरा तरंगतो म्हणते. मी तिला एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लावलं. डाव्या डोळ्याला सगळं नीट दिसतं. जे काही आहे ते उजव्यातच.

डोळा लाल नाही, चिपडं नाहीत, पाणी येत नाही, दुखत तर अजिबात नाही. आणि घरातली खरी अडचण हीच आहे. आई म्हणते, "दुखालं नाही की काही नाही, उगं कशाला धावपळ करायलीस?" दादा म्हणतो उन्हाचा त्रास असेल, पारा चाळीसच्या वर गेलाय, दोन दिवस बघू. शेजारच्या काकू मायेने गुलाबपाणी घेऊन आल्या. मी ते डोळ्यात घालू दिलं नाही, पण त्यांना नाही म्हणताना जिवावर आलं.

नेहमीच्या दवाखान्यात फोन केला. फोन उचललेल्या मुलीने "ठिपके ना? वयाने येतात" म्हणून गुरुवारचा नंबर लावून दिला. आज रविवार आहे. आम्ही पूर्व भागात, अशोक चौकाच्या जवळ राहतो. गुरुवारपर्यंत थांबणं चालेल का? नसेल चालत तर रविवारी नंबर न लावता कुठे जायचं आणि तिथे काय सांगायचं? आणखी एक, डोळ्याच्या बाबतीत कशाला थांबायचं आणि कशाला पळायचं हे साध्या माणसाला ओळखता येतं का? ताप मोजता येतो, बीपी मोजता येतं, डोळ्याचं काय मोजायचं?

प्रतिसाद (नेत्रविभागात बरीच वर्षं काम केलेल्या एका सभासदाकडून)

ताई, आजच जा. हे वाचून झालं की उठा.

कारण सांगतो, म्हणजे दादांना पटवता येईल. डोळ्याच्या पोकळीत जेलीसारखा पारदर्शक पदार्थ भरलेला असतो. पन्नाशी-साठीत तो आक्रसतो आणि मागच्या पडद्यापासून, म्हणजे रेटिनापासून, सुटायला लागतो. बहुतेकांचा तो नीट सुटतो, थोडे ठिपके मागे राहतात आणि विषय संपतो. पण काहींचा सुटता सुटता पडद्याला ओढ देतो. आईंना दिसणारी चमक ही त्या ओढीची असते. ओढ जास्त बसली तर पडद्याला चीर पडते, चिरेतून डोळ्यातलं पाणी मागे शिरतं आणि पडदा भिंतीवरून सुटत जातो. नुसती चीर असेल तर लेसरने तिच्या भोवताली सांधून टाकता येतं. पडदा सुटला की मोठं ऑपरेशन. आणि त्याचा मधला भाग सुटायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर वाचण्याची शक्यता खूप जास्त असते. आज आणि गुरुवार यांच्यात फरक पडतो तो इथे. मायनस नंबर मोठा असलेल्यांचा पडदा पातळ आणि ताणलेला असतो, त्यामुळे त्यांना ही भीती इतरांपेक्षा जास्त. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनाही, आणि डोळ्याला मार लागलेल्यांनाही.

साधे ठिपके की चीर, हे बाहेरून बघून कुणीही सांगू शकत नाही, मीसुद्धा नाही. थेंब घालून बाहुली मोठी करून आत बघावंच लागतं. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून हे कळत नाही.

दुखत नाही म्हणून थांबू नका. या पडद्याला वेदना कळतच नाही. डोळ्याच्या मागच्या बाजूचे कितीतरी मोठे आजार एक कळ न येता नजर घेऊन जातात.

आता फोनवर बोलायचं कसं ते. "ठिपके येतात" म्हटलं की समोरचा नंबर लावून मोकळा होतो. असं सांगा: "कालपासून अचानक सुरू झालंय, एकाच डोळ्यात आहे, चमक दिसते, ठिपके वाढत चाललेत, चष्म्याचा नंबर उणे आठ आहे. आज बाहुली मोठी करून पडदा तपासणारे डॉक्टर आहेत का? लेसरची सोय आहे का?" होटगी रोडपासून सात रस्त्यापर्यंत खाजगी दवाखाने बरेच आहेत, दोन-तीन फोन केलेत तर रविवारीही बघणारं कुणीतरी भेटेल. नाहीच भेटलं तर सिव्हिल, म्हणजे डॉ. वैशंपायन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. तिथली कॅज्युअल्टी चोवीस तास उघडी असते, केसपेपर काढून हेच वाक्य सांगा. आणि नजरेच्या एका बाजूने सावली किंवा पडदा सरकल्यासारखं दिसायला लागलं तर फोनाफोनी करत बसू नका, थेट निघा.

चष्मा, गोळ्यांची चिठ्ठी आणि जुने कागद बरोबर घ्या. थेंबांमुळे काही तास अंधूक दिसतं, तेव्हा त्यांना एकटीला पाठवू नका. रिक्षाने जा.

प्रतिसाद

ताईंना शुभेच्छा. धाग्यातच विचारते: मग डोळे आले तरी असंच पळायचं का? २०२३ च्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत घरटी एकाचे डोळे आले होते. आम्ही मेडिकलवरून थेंब आणले आणि आठवड्यात बरे झालो.

प्रतिसाद (नेत्रविभागातले सभासद)

नाही. नुसते डोळे आले, चिकटा आहे, खाज आहे, पण दिसतं नीट, उजेड टोचत नाही आणि फार दुखत नाही, तर ते बहुतेक वेळा व्हायरल असतं आणि आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. हात धुवा, टॉवेल वेगळा ठेवा, सवडीने ओपीडीत दाखवा. लहान बाळ असेल किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारं कुणी असेल तर मात्र तेवढं सैल राहू नका. लेन्स काढून त्याच दिवशी दाखवा. मेडिकलवरचे थेंब मनाने आणू नका, त्यात स्टेरॉइड असेल तर काही आजार आतून भडकतात.

पांढऱ्या भागावर लालभडक डाग उठलाय, पण दुखत नाही आणि नजर स्वच्छ आहे, तर माणूस आरशात बघून घाबरतो. ते बहुधा जोरात खोकून वा शिंकून फुटलेल्या बारीक शिरेचं रक्त असतं, आपोआप जिरतं. बीपी तपासा, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना कळवा.

ताईंनी विचारलं होतं, मोजायचं काय. नजर मोजायची, आणि मोजायची रीत त्यांनी केलीच आहे: एकेक डोळा झाकून कॅलेंडर वाचायचं. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाला सांभाळून घेतो आणि कळतच नाही. एका डोळ्याचं दिसणं अचानक बदललं, तर दुखो वा न दुखो, त्याच दिवशी जायचं.

त्यातही काही गोष्टींना दिवससुद्धा मोठा असतो. एका डोळ्याची नजर क्षणात गेली, वेदना नाही, तर तो डोळ्याच्या रक्तवाहिनीतला झटका असू शकतो, मेंदूच्या झटक्यासारखाच. तिथे हिशोब तासांचा. थोड्या वेळाने नजर परत आली तरी घरी बसायचं नाही, पुढच्या मोठ्या झटक्याची ती सूचना असू शकते. एकाएकी एकाचे दोन दिसू लागले, पापणी पडली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर डोळ्यांच्या दवाखान्यात नव्हे, सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या, १०८ ला फोन करा.

आणि एक, जे हमखास हुकतं. डोळा लाल, कपाळ फुटेल असं दुखणं, दिव्याभोवती रंगीत कडं आणि उलट्या. उलट्या बघून घरचे पित्ताची गोळी देतात, रात्र तशीच काढतात. हा काचबिंदूचा अचानक आलेला झटका असू शकतो. डोळ्यातला दाब इतका चढतो की उतरवला नाही तर नस कायमची जाते. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघायचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दुखणं आणि लाली वाढत गेली, नजर कमी होत गेली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी परत जा.

प्रतिसाद (मोहोळ तालुक्यातून)

शेतकऱ्यांसाठी लिहितो. माझ्या चुलत्यांच्या डोळ्याला उसाचं पाचट लागलं. किरकोळ समजून गावातून थेंब आणले, दोन दिवस बरं वाटलं, मग बुबुळावर पांढरा ठिपका उमटला. नेत्रतज्ज्ञ म्हणाले, बुरशीची जखम आहे आणि त्या थेंबात स्टेरॉइड होतं, त्यामुळे ती आत पसरली. औषधं महिनोन्‌महिने चालली. पाचट, ज्वारीचं धाट, तुरीचा काडा, काहीही डोळ्याला लागलं आणि दुसऱ्या दिवशीही खुपत असेल तर थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

प्रतिसाद

चुना राहिला! आपल्याकडे घरोघरी तंबाखूची डबी, त्यात चुन्याची पुडी. पोरं ती दाबतात आणि चुना फस्सकन डोळ्यात उडतो. तेव्हा आधी दवाखाना नाही, आधी नळ. पोराला आडवं धरून, पापणी उघडी ठेवून, कमीत कमी पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाणी सोडत राहायचं, पापणीखालचे कण निघतील असं. मगच निघायचं, वाटेतही बाटलीतलं पाणी चालू ठेवायचं. दूध नको, तूप नको. फॅक्टरीत कॉस्टिक किंवा रंगातलं रसायन उडालं तरी हेच. पण डोळ्यात काही घुसलेलं असेल, तार, काच, लोखंडाचा कण, तर उलट: धुवायचं नाही, ओढायचं नाही, दाबायचं नाही. वर कागदी कप उपडा ठेवून चिकटपट्टीने बसवायचा आणि निघायचं.

धागाकर्ती: अपडेट

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला प्रतिसाद दादाला वाचून दाखवला आणि त्यानेच रिक्षा बोलावली. सांगितलं तेच वाक्य फोनवर जसंच्या तसं म्हटलं. दुसऱ्याच फोनला "लगेच घेऊन या" म्हणाले.

थेंब घालून बसवलं. बाहुली मोठी व्हायला बराच वेळ लागला, आई सारखी "झालं का" विचारत होती. मग डॉक्टरांनी डोक्याला दिवा बांधून, हातात भिंग धरून, तिला वर, खाली, कडेला बघायला लावत सगळा पडदा तपासला. उजव्या डोळ्यात वरच्या बाजूला कडेला चीर होती. पडदा अजून सुटलेला नव्हता. तिथेच खुर्चीत बसवून, बधिर करायचे थेंब घालून लेसर केलं. हिरवा उजेड लखलखतो आणि मधूनच टोचल्यासारखं होतं, एवढंच ती म्हणाली. रात्री घरी येऊन भाकरी खाल्ली.

डॉक्टर म्हणाले, लेसरची जागा घट्ट व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर जड उचलायचं नाही. ठिपके लगेच जाणार नाहीत, लेसर ठिपक्यांसाठी नसतंच. आठवड्याने परत बोलावलंय.

आता आईचा प्रश्न आहे की डाव्या डोळ्याचं काय? त्यालाही असंच होणार का? आणि पुढच्या महिन्यात अक्कलकोटला जायचं ठरलंय, एसटीच्या धक्क्यांनी काही होईल का?

प्रतिसाद (नेत्रविभागातले सभासद)

फार बरं झालं ताई. डाव्या डोळ्यातली जेलीही कधीतरी सुटेल. सुटताना चीर पडेलच असं नाही, पण नंबर मोठा आहे, तेव्हा पुढच्या तपासणीत डावा पडदाही कडेपर्यंत बघून घ्या, पातळ जागा असेल तर ते सांगतील. अक्कलकोटचं त्याच तपासणीनंतर ठरवा. लेसर घट्ट बसलंय असं डॉक्टर म्हणाले की धक्क्यांची चिंता नको.

तोवर रोज सकाळी एकेक डोळा झाकून तेच कॅलेंडर. ठिपक्यांचा नवा पाऊस पडला, चमक परत वाढली किंवा कडेने सावली आली तर आठवड्याच्या तारखेला चिकटून राहू नका. तुम्हा भावंडांपैकी कुणाचा नंबर असाच मोठा असेल तर त्यांचाही पडदा एकदा बाहुली मोठी करून बघून घ्या.