मदत हवी आहे: मुरलेल्या सी प्लस प्लसवाल्यांना सी शार्प कोणत्या क्रमाने शिकवावं?

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांचा डेटा गोळा करणारं सॉफ्टवेअर सी प्लस प्लसमधून डॉटनेटवर (सी शार्प ज्यावर चालते तो मायक्रोसॉफ्टचा प्लॅटफॉर्म) न्यायचं आहे. शिकणारे सहा जण, सगळे अनुभवी. त्यांना लूप आणि क्लास शिकवण्यात अर्थ नाही. अडतं ते जुन्या सवयींपाशी.

सगळ्यात मोठी गाठ डिस्ट्रक्टरची, म्हणजे ऑब्जेक्ट संपताच सी प्लस प्लसमध्ये आपोआप चालणाऱ्या साफसफाईच्या फंक्शनची. सी शार्पमध्ये ~ लावून लिहिलेलं तसंच दिसतं, पण तो असतो फायनलायझर, म्हणजे गार्बेज कलेक्टरने (जीसी, वापरात नसलेली मेमरी आपोआप मोकळी करणारा) ऑब्जेक्ट टाकाऊ ठरवल्यावर चालणारं फंक्शन. तो कधी चालेल याचा भरवसा नाही, शिवाय त्याच्यामुळे ऑब्जेक्ट कलेक्शनची निदान एक फेरी जास्त मेमरीत राहतो. पोर्ट बंद करायचं काम त्यात टाकलं, की पोर्ट तोवर अडकलेलाच. म्हणून डिस्पोज (साफसफाई लगेच करणारी मेथड) आणि युझिंग (ब्लॉक संपताच डिस्पोज बोलावणारी रचना) पहिल्याच दिवशी घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी अडचण जुन्या डीएलएलची, म्हणजे सी शार्पमधून बोलवायच्या सी प्लस प्लसच्या तयार लायब्ररीची. कॉलबॅक म्हणून (तिने नंतर उलट बोलवावं यासाठी) दिलेला डिलिगेट, म्हणजे फंक्शनकडे बोट दाखवणारा ऑब्जेक्ट, फील्डमध्ये धरून ठेवला नाही, तर कलेक्टर तो उचलतो आणि प्रोग्रॅम कोसळतो. तेही बऱ्याच वेळाने, त्यामुळे कारण सापडत नाही. शिवाय विंडोजवर सी प्लस प्लसचा लाँग (पूर्णांकाचा प्रकार) ४ बाइटचा, सी शार्पचा ८ बाइटचा. दोन्हीकडचे स्ट्रक्ट (डेटाचे गट) जुळवताना इथेच घोळ होतो.

आता प्रश्न. जीसीच्या जनरेशन ०, १, २ (ऑब्जेक्टचे वयानुसार गट) आणि ८५,००० बाइटपासून पुढच्या ऑब्जेक्टसाठीचा वेगळा हीप (मेमरीचा भाग) हे आधी समजावावं, की आधी कोड लिहू देऊन मग प्रोफायलरवर (मेमरीचा वापर मोजून दाखवणारं साधन) दाखवावं? आणि जीसी डॉट कलेक्ट (जीसीला लगेच चालवायची आज्ञा) हाताने बोलावण्याची सवय मोडेल असा छोटा सराव कुणाकडे आहे का?