मदत हवी आहे : लेक भिंतीचे पोपडे खाते

मंगळवारपेठची_आई :
पाटीवरची पेन्सिल खायची, आता भिंत. ओरडून झालं, पेन्सिलीला मिरची लावून झाली, जंताची गोळीही झाली. काल उशीखाली कागदाची पुडी सापडली. आत नखाएवढे पोपडे, नीट रचून ठेवलेले. बघून रडूच आलं. जेवण तर नावालाच. काय करू, लवकर सांगा की.

कसबा_बावडा :
वय किती? कधीपासून? रक्त तपासलंय का?

शेतकरी_राधानगरी :
कॅल्शियम कमी आहे. गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून द्या. माझ्या पुतण्याची सवय त्यानंच सुटली.

नर्सताई :
दादा, लहान पोरीला चुना नका सांगू. असं खाण्यामागं बऱ्याचदा लोहाची कमतरता निघते.

मंगळवारपेठची_आई :
आठ वर्षं. दिवाळीपासून. रक्त नाही तपासलं. शाळेतली गुलाबी गोळी कडू लागते म्हणून टाकून देते. दूध मात्र आवडीनं पिते, दिवसाला लिटरभर.

नर्सताई :
हे आधी सांगायचं ना! एवढ्या दुधानं पोट भरतं, मग भाकरी-भाजी कुठं जाणार? दुधात लोह नगण्य, वर ते इतर अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. या वयात हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली म्हणजे ॲनिमिया.

गंगावेस_तालीम :
कोल्हापुरात दूध कमी करा म्हणता? दूध कट्ट्यावर धारोष्ण पिऊन पिढ्या घडल्या आमच्या.

नर्सताई :
बंद करा म्हटलं नाही. दोन कप पुरे. पैलवान दुधाबरोबर मटणही खातात.

पालक_शाहूपुरी :
नखं खाण्यावर कडुलिंबाचा रस लावा, आमच्या मुलाची सवय गेली.

कसबा_बावडा :
नखांचं कोण विचारतंय? ताई, घर किती जुनं? भिंतीला ऑइलपेंट आहे का?

मंगळवारपेठची_आई :
सासऱ्यांच्या वेळचं. खालच्या पट्ट्याला हिरवा ऑइलपेंट, ओल येऊन सुटलाय.

कसबा_बावडा :
मग थांबू नका. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं भरपूर असू शकतं, आणि लोह कमी असलं की शरीर ते जास्त ओढून घेतं. रक्तातलं शिसंही तपासायला सांगा. तो रंग घरी खरवडू नका, धूळ उडते. तिला दुसऱ्या खोलीत झोपवा.

मंगळवारपेठची_आई :
उद्याच सीपीआरला, सरकारी दवाखान्यात नेते. उपाशीपोटी न्यायचं का?

नर्सताई :
या तपासण्यांना गरज नाही, डाळ-भात खाऊ घालून न्या. ती पुडी टाकली नसेल तर बरोबर घ्या, डॉक्टरांना दाखवा. आणि पोरीला पुडीवरून बोलू नका.