हॉल्बाइनने हेन्रीला फसवलं म्हणे!

ताम्रपट: "राजेलोक एकमेकांना व्यक्तिचित्रं पाठवत तो निव्वळ मस्का. चित्रकार हॉल्बाइनने क्लीव्हजच्या अ‍ॅनला सुंदर रंगवलं आणि तिच्याशी लग्न करून इंग्लंडचा राजा आठवा हेन्री फसला," असं काल कुणीतरी ठोकून दिलं. राहवलं नाही म्हणून लिहितो. १५३९ मध्ये हेन्रीने हॉल्बाइनला जर्मनीतल्या ड्यूरेनला धाडलं ते लग्नाआधी अ‍ॅनच्या चेहऱ्याची खातरजमा करायला. चित्र हुबेहूब उतरल्याचं हेन्रीचाच दूत वॉटन याने कळवलं होतं. लग्न मोडल्यावर मुंडकं ते जुळवणाऱ्या मंत्र्याचं, क्रॉमवेलचं उडालं, चित्रकाराच्या केसालाही धक्का लागला नाही.

पागोटं: ते मीच लिहिलं होतं. क्रॉमवेल एकट्या लग्नापायी गेला नाही, दरबारातले वैरी टपलेलेच होते. आणि राजाने स्वतः मागवलेलं चित्र ही भेट कसली? १५५३ बघा. चित्रकार तिशियनने काढलेलं स्पेनच्या राजपुत्र फिलिपचं चित्र त्याच्या आत्याने, हंगेरीच्या मेरीने, त्याची नियोजित वधू असलेल्या इंग्लंडच्या राणी मेरी ट्यूडरकडे पाठवलं. सोबत निरोप, की लांबून बघा आणि नवरा प्रत्यक्ष आला की चित्र परत करा. याला आमिष म्हणतात.

माजघर: अ‍ॅनच्या रूपावर अजून काथ्याकूट चाललाय याचाच संताप येतो. हेन्री तेव्हा ४८ वर्षांचा, पायाची जखम चिघळलेली. इंग्लंडातल्या रॉचेस्टरला अ‍ॅनला भेटायला वेष पालटून आला आणि तिने ओळखलं नाही. त्याचा चेहरा पडताळायला कोण गेलं होतं? माझ्या स्थळांसाठीच्या फोटोत स्टुडिओवाल्याने मला इतकं गोरं केलं की बघायला आलेल्या बाईंनी आईसमोर विचारलं, "फोटोतली मुलगी हीच का?" मुलाचा फोटो आम्हाला कुणी दाखवलाच नव्हता.

पागोटं: ताई, स्थळांचा इथे काय संबंध?

माजघर: ताई म्हणू नका. १५३८ मध्ये ब्रुसेल्सला डेन्मार्कच्या क्रिस्टिनाला याच हेन्रीसाठी हॉल्बाइनने तीन तास न्याहाळलं. वय सोळा, अंगावर वैधव्याचे काळे कपडे. हा संबंध.

शाईदौत: माजघरशी सहमत. बहिणीचं ठरत आलेलं लग्न फोटोवरूनच फिसकटलं. वडील आजही फोटोग्राफरच्या नावाने बोटं मोडतात, लग्न मोडणाऱ्या मुलाकडच्यांना कुणी काही म्हणत नाही.

ताम्रपट: सगळे लग्नातच अडकलात! १४७९ मध्ये सोळा वर्षांचं युद्ध मिटल्यावर व्हेनिसने चित्रकार जेंटिले बेलिनीलाच ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमेदकडे पाठवलं. त्याने काढलेल्या सुलतानाच्या चित्रावर १४८० ची तारीख आहे. तिथे कोणाची सोयरीक होती? कालच्या शत्रूच्या दारी आपला उत्तम चित्रकार पाठवायला विश्वास लागतो.

पागोटं: बेलिनीपुरतं मान्य. विश्वास मात्र नाही. सुलतानाने चित्रकार मागितला, हरलेलं व्हेनिस नाही कसं म्हणणार? १४८० मध्येच ऑटोमन फौज इटलीत ओत्रांतोला उतरली.

ताम्रपट: ओत्रांतो नेपल्सच्या राज्यात होतं. व्हेनिसशी केलेला तह १४९९ पर्यंत टिकला.

माजघर: तहाचं तुम्ही दोघं बघून घ्या. अ‍ॅनने लग्न रद्द करायला संमती दिली, जहागिरी पदरात पाडून घेतल्या आणि हेन्रीनंतर दहा वर्षं जगली. पागोटं, ते "फसला" आधी मागे घ्या.